उतरवलेलं वजन आणि आपोआप उतरलेलं वजन

६२ वर्षांची दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. सहा महिन्यांपूर्वी दोघांचं वजन ८४ किलो होतं, आज दोघांचंही ७७ आहे. भेटेल तो दोघांनाही म्हणतो, "वा, छान बारीक झालात!" पहिल्यानं रोज पाऊण तास चालायला सुरुवात केली आणि रात्रीचं जेवण आटोक्यात आणलं. दुसऱ्यानं काहीच केलेलं नाही. पहिल्याला मिळालेली शाबासकी योग्यच आहे. दुसऱ्याला मात्र त्याच शब्दांनी आपण नकळत डॉक्टरांपासून लांब ठेवतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या बाबतीत ही गल्लत फार महागात पडते.

आधी पहिल्या माणसाबद्दल. शरीरातली जादा चरबी आणि हा कॅन्सर यांचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये जादा चरबीशी निगडित अशा १३ कॅन्सरची यादी दिली, त्यात स्वादुपिंड आहे. वाढलेल्या चरबीमुळे, विशेषतः पोटाच्या आतल्या अवयवांभोवती साठणाऱ्या चरबीमुळे, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं, आणि इन्सुलिन पेशींना वाढायलाही चालना देतं. सोबतीला सौम्य पण कायमची दाहाची स्थिती असते. वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं की धोका वाढतो. म्हणून काट्यावरच्या आकड्याइतकंच कंबरेच्या घेराकडेही बघायला हवं.

व्यायामाचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी परिचारिका आणि पुरुष आरोग्य व्यावसायिक अशा दोन मोठ्या गटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना २३ पेक्षा कमी असलेल्यांच्या तुलनेत सुमारे ७२ टक्के जास्त धोका दिसला. चालण्यासारखी मध्यम मेहनत सर्वांत जास्त करणाऱ्यांमध्ये धोका सर्वांत कमी करणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होता. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे: एकूण हालचालीचा फायदा दिसला तो बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्यांमध्ये. सडपातळ लोकांमध्ये तसा फरक दिसला नाही. नंतरच्या अभ्यासांत व्यायामाचा परिणाम इतका ठळक आला नाही, त्यामुळे वजनाइतक्या ठामपणे व्यायामाबद्दल बोलता येत नाही. तरी ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी चालायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारायला स्नायूंच्या हालचालीसारखं दुसरं सोपं साधन नाही, आणि त्यासाठी वजन उतरेपर्यंत थांबावंही लागत नाही.

आता दुसरा माणूस. त्याच्या शरीरात काय चाललेलं असू शकतं?

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, लांबीला साधारण १५ सेंटिमीटर. पाचकरस आतड्यात सोडणं आणि इन्सुलिन रक्तात सोडणं ही त्याची दोन मुख्य कामं. गाठ वाढून पाचकरसाची नळी दबली की खाल्लेलं तूप-तेल पचत नाही. शौच फिकट, तेलकट, जास्त दुर्गंधीचं होतं, पाण्यावर तरंगतं आणि भांड्याला चिकटून राहतं. माणूस जेवत असतो, पण अंगी लागत नाही. शिवाय भूक मंदावते, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. आणि हा आजार शरीरातली चरबी आणि स्नायू दोन्ही झिजवतो. दंड-मांड्या बारीक होतात, जिना चढताना पाय भरून येतात. व्यायामानं वजन उतरवलेल्या माणसाचा अनुभव नेमका उलटा असतो, त्याला तोच जिना सोपा वाटू लागतो.

शुगरमधला फरक तर याहून बोलका आहे. एरवी वजन उतरलं की शुगरही उतरते, पहिल्या माणसाचा रिपोर्ट तसाच येईल. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वजन खाली जातं आणि शुगर वर चढते. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा निदानाच्या सुमारे अडीच वर्षं आधीपासून शुगर चढू लागल्याचं आणि साधारण दीड वर्ष आधीपासून त्वचेखालची चरबी घटू लागल्याचं दिसलं. पोट दुखत नाही, कावीळ नाही, तरीही शरीरात बदल सुरू झालेले असतात. निदान होतं तेव्हा १०० पैकी जेमतेम १५ ते २० रुग्णांचीच शस्त्रक्रिया शक्य असते, म्हणून या आधीच्या काळाचं मोल मोठं आहे.

यावरून घाबरून जायचं कारण नाही. पन्नाशीनंतर नव्यानं मधुमेह झालेल्या १०० जणांमध्ये तीन वर्षांत हा कॅन्सर निघतो तो जवळपास एकालाच. बाकीच्यांचा मधुमेह नेहमीचाच असतो, बहुतेकदा वाढलेल्या वजनासोबत आलेला. पण मधुमेह नवा आणि वजन मात्र घटतंय, अशी जोडी दिसली तर तो रिपोर्ट फक्त शुगरच्या गोळ्या लिहून मिटवण्याजोगा नसतो.

या दोन प्रकारच्या वजनघटीनं संशोधकांनाही गोंधळात टाकलं आहे. समजा, एखाद्या पाहणीत आज बारीक असलेल्यांची नोंद झाली आणि त्यांतल्या काहींना वर्षभरात कॅन्सर निघाला. बारीक असणंच धोक्याचं, असा उलटा निष्कर्ष निघू शकतो. खरं तर आजारानंच त्यांना आधी बारीक केलेलं असतं. व्यायामाचंही तसंच. आजार आत सुरू झालेला माणूस थकतो, चालणं सोडतो, आणि कागदावर मात्र तो "बैठं जीवन जगणारा" ठरतो. म्हणून चांगल्या अभ्यासांत पहिल्या काही वर्षांत आजारी पडलेल्यांना वगळून पुन्हा हिशेब मांडतात. वजन आणि कॅन्सरबद्दलची एखादी बातमी वाचताना हे केलं आहे का, एवढं जरूर बघावं.

मग आपल्याच घरात हा फरक ओळखायचा कसा? डॉक्टर साधारण असं मानतात: प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के किंवा जास्त वजन घटलं तर कारण शोधायला हवं. ८४ किलोच्या माणसासाठी ते चार किलोंच्या थोडं वर येतं. कारणं अनेक असतात, थायरॉईड, क्षयरोग, नैराश्य, दातांचा त्रासही. उपचारांबाबत डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या सूचनेप्रमाणे वय ६० किंवा जास्त, वजन घटलेलं, आणि जोडीला पाठदुखी, पोटदुखी, जुलाब, बद्धकोष्ठता, मळमळ, उलटी किंवा नवा मधुमेह यांपैकी एक जरी असेल, तर दोन आठवड्यांत सीटी स्कॅन करण्याचा विचार व्हावा. सोनोग्राफीत स्वादुपिंड नेहमी नीट दिसतंच असं नाही, समोर आतड्यातला वायू आड येतो.

खरी अडचण होते ती डाएट चालू असताना. प्रयत्न चालूच असल्यानं प्रत्येक उतरलेल्या किलोचं श्रेय त्याला जातं. मधुमेहावरच्या काही नव्या औषधांनीही वजन उतरतं, तेव्हा ते औषधाच्या खात्यावर जमा होतं. अशा वेळी प्रयत्न आणि परिणाम यांचा मेळ बसतो का, ते पाहावं. चालणं सुटलं, जेवण पूर्ववत झालं तरी वजन उतरतच राहिलं, किंवा जेवण मुद्दाम कमी न करताच भूक गेली, तर ती घट डाएटची नव्हे.

डॉक्टरांकडे गेल्यावर "हल्ली बारीक झालोय" एवढ्यावर थांबू नका. किती किलो, किती महिन्यांत, आणि त्यासाठी मुद्दाम काय केलं होतं, हे सांगा. काहीच केलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा. शौचात बदल झाला असेल तर संकोच न करता बोला. गेल्या दोन-तीन वर्षांचे शुगरचे रिपोर्ट सोबत न्या आणि ते तारखेप्रमाणे लावून समोर ठेवा.