जिनिंगचे स्वयंचलन आणि रोजगार (ग्रामीण विदर्भ)

कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणे (जिनिंग) व तिच्या गाठी बांधणे (प्रेसिंग) ही कामे संगणकनियंत्रित यंत्रांकडे गेल्याने मजुरीत होणारा बदल. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, खामगाव या कापूसपट्ट्यात जिन (जिनिंगचा कारखाना) हा हंगामी मजुरीचा मोठा आधार असल्याने तो येथे विशेष जाणवतो.

सरकी काढण्याच्या साधनाचा उगम वादग्रस्त आहे. अजिंठ्याच्या सुमारे पाचव्या शतकातील भित्तिचित्रांत एका लाटेचे (लाट म्हणजे फिरणारा दंडगोल, रोलर) साधन दिसते, असे मानतात. ही चित्रे बहुधा वत्सगुल्म (वाशीम) शाखेच्या वाकाटक राजांच्या काळातील असल्याने वऱ्हाडच्या अभ्यासकाला त्यांचे महत्त्व वेगळेच. यावरून दोन लाटांची चरखीही तितकीच जुनी ठरवणे मात्र घाईचे होईल. एका लाटेला दाते लागत नाहीत. दोन लाटा एकमेकींविरुद्ध फिरवायला मळसूत्री दाते लागतात. इतिहासकार इरफान हबीब अशा चरखीचा काळ दिल्ली सल्तनतीच्या सुमारास नेतात व तेच अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेतील एली व्हिटनीचे करवती जिन यंत्र (पेटंट १७९४) वेगळ्या तत्त्वावर चालते. विदर्भात तंतू कमी तोडणारे दुहेरी लाटांचे रेचेच (सरकी काढणारी यंत्रे) रूढ आहेत.

जुन्या जिनात गंजीवरचा कापूस टोपल्यांनी डोक्यावरून रेच्यापर्यंत जाई. बायका पालापाचोळा व कवडी (किडका, खराब कापूस) हाताने वेचत. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर जिनांचे आधुनिकीकरण वाढले. आता हवेची नळी कापूस ओढते, रेचे आपोआप भरतात आणि हायड्रॉलिक प्रेस १७० किलोची गाठ बांधते. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो; तो पूर्वी किती डोक्यांवरून गेला असेल, हे टोपली वाहिलेल्यालाच ठाऊक.

बंदिस्त नळ्यांमुळे फुप्फुसांत जाणारी रुईची धूळ घटते. हा लाभ मोठा आहे. काम मात्र आधी टोपली वाहणाऱ्यांचे व वेचणाऱ्या बायकांचे जाते. उरते ते ऑपरेटर, वीजतंत्री आणि लाटेच्या झिजलेल्या चामड्यावर पुन्हा खाचा पाडणारा फिटर यांचे. हे शिकवणारे, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. रोजंदारी बुडवून तेथे राहणे घाटंजीच्या मजूर बाईला परवडत नाही.

शेतातली वेचणी अजून हातानेच होते. जिनातून सुटलेल्या बायका ओटी बांधून तिकडे वळतात. मजुरी किलोवर मिळते.