ठोकून भरलेली वाळू

गच्चीवर एफएम रेडिओसाठी अँटेना करायची होती. दूरदर्शनच्या जुन्या अँटेनांत दोन्ही टोकांना गोल वळवलेली लांबट कडी असायची, तशीच कडी मला हवी होती. 12 मिलिमीटर व्यासाची, 1 मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची नळी आणली. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला, ‘वाळू भरा, वाकवा, एका मिनिटात काम!’ वाळू ओतली, तोंडांना कागदाचे बोळे कोंबले आणि नळी गुडघ्यावर दाबली. गुडघा टेकला तिथेच ती चेपली आणि चिमटली.

वाळू आतली जागा भरते म्हणून नळी चेपत नाही, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. जागा तर माझ्याही नळीत भरलेली होती.

मुळात नळी चेपते का? वाकवताना वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. रहाटावरून जाणारा ताणलेला दोर चाकाला आत दाबतो, तशी ताणलेली बाहेरची भिंत नळीच्या पोटाकडे सरकते. दाबली गेलेली आतली भिंतही उलट बाजूने पोटाकडेच येते. दोन्ही भिंती एकमेकींच्या दिशेने निघाल्या की गोल छेद लंबगोल होतो. नळीचा ताठपणा भिंती मध्यापासून किती लांब आहेत यावर असतो, तोही त्या अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने. त्यामुळे जिथे नळी थोडी चपटी झाली तिथेच ती जास्त वाकते आणि जास्त वाकली की आणखी चपटी होते. 1927 मध्ये ब्रेझियर या ब्रिटिश अभियंत्याने याचं गणित मांडलं. पातळ, लवचीक नळीचा चपटेपणा त्रिज्येच्या 2/9 इतका झाला की तिचा प्रतिकार शिखर गाठतो आणि त्यापुढे ती ढासळते. हे शिखर जाडीच्या वर्गावर ठरतं, म्हणजे भिंत निम्मी पातळ केली तर प्रतिकार चौथाईवर येतो. आपली नळी कायमची वाकते, लवचीक राहत नाही, म्हणून हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण मोडण्याची रीत हीच.

निसर्गात यावर उपाय दिसतात. बांबूच्या प्रत्येक पेराला आत एक आडवा पडदा असतो, तो छेद गोलच ठेवतो. साळिंदराच्या काट्यात फेसासारखा हलका गाभा असतो. पपईच्या पानाच्या पोकळ देठाला यातलं काहीच नसतं, तो वाकवून पाहा.

आता वाळू. ठरावीक घेरात सर्वांत जास्त क्षेत्रफळ वर्तुळाचं असतं. म्हणजे नळी चपटी झाली की आतली जागा कमी होणारच. वाळू सैल असेल तर कण एकमेकांच्या फटीत सरकतात आणि नळीला चपटं व्हायला जागा करून देतात. माझं नेमकं हेच झालं. धान्याची पायली ठोकून भरली की आणखी मूठ-दोन मूठ दाणे बसतात, तेवढाच हा फरक. सारख्या आकाराचे गोळे कितीही हलवून बसवले तरी, रचून न ठेवता, जेमतेम 64 टक्के जागा भरतात. सैल ओतले तर त्याहून थोडी कमी. या थोडक्या टक्क्यांवर सगळं अवलंबून आहे.

कारण घट्ट बसलेली वाळू आकार बदलताना फुगते! 1885 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश अभियंत्याने हे दाखवलं. घट्ट बसलेल्या कणाला शेजारच्याला ओलांडायचं तर त्याच्यावर चढावं लागतं आणि सगळेच चढू लागले की ढीग फुगतो. समुद्रकिनारी ओल्या, घट्ट वाळूत पाऊल टाकलं की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते ना? दाबाने पाणी पिळून निघत नाही. वाळू फुगते, कणांमधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. नळीत हेच कोंडलेलं असतं. नळी आकसू बघते, वाळू फुगू बघते, आणि या ओढाताणीत वाळू दगडासारखी घट्ट होते.

म्हणून दुसऱ्या खेपेला बारीक वाळू चाळली आणि कढईत खडखडीत कोरडी केली. थोडी भरायची, नळी जमिनीवर आपटायची, पुन्हा भरायची. भरलेली वाटणारी नळी आपटल्यावर चार बोटं रिकामी झाली. शेवटी लाकडी बूच हातोडीने ठोकून बसवलं.

धातूचंही बघावं लागतं. 40 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात बाहेरची भिंत 6 भागिले 40, म्हणजे 15 टक्के ताणली जाते. बाजारातली 6063 क्रमांकाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूची कडक नळी साधारण 10 ते 12 टक्क्यांतच तडकते, म्हणून वाळू भरण्याआधी, रिकामी असतानाच ती ज्योतीवर तापवून मऊ करायची. अॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, 600 ते 660 अंश सेल्सिअसच्या दरम्यान एकदम वितळतं. नळीवर साबणाची वडी घासा, रेघ काळी पडली की ज्योत बाजूला घ्या. मऊ केलेल्या नळीची ताकद घटते, त्यामुळे शिडी किंवा सायकलच्या सांगाड्यावर हा प्रयोग नको.

कडेला खाच केलेल्या लाकडी चकतीभोवती नळी सावकाश वळवली, थोडी जास्तच, कारण सोडल्यावर अॅल्युमिनियम मागे येतं. व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाचं साधन, लावून पाहिलं तर 12 च्या जागी वळणावर 11.6 मिलिमीटर. बूच काढून नळी उलटी धरली, तर वाळू पडेना. तारेने टोकरून ती बाहेर काढावी लागली.