शाळेतली भाषा, घरातली भाषा आणि अमेरिकेची प्रवेशपरीक्षा

अमेरिकेत पदवीला अर्ज करायचा म्हटलं की आपल्याकडे आधी सॅट ही सर्वसाधारण प्रवेशपरीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, ही दोन नावं निघतात. 2021 पर्यंत त्यांच्या जोडीला एकेका विषयाची सॅट सब्जेक्ट टेस्टही असायची. तासाभराचा एकेक पेपर, गुण 200 ते 800. शेवटच्या काळात असे वीस पेपर होते आणि त्यांतले बारा भाषांचे. भाषा मात्र नऊच, कारण फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशचे दोन-दोन पेपर होते: एक नुसत्या वाचनाचा, दुसरा ऐकण्यासह. हिंदी या यादीत कधीच आली नाही. मराठीचा तर प्रश्नच नव्हता.

ही यादी कोणी एका बैठकीत विचार करून ठरवलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतलं प्रत्येक कॉलेज आपली वेगळी प्रवेशपरीक्षा घ्यायचं. एका कॉलेजला लॅटिनचा एक लेखक हवा, तर दुसऱ्याला भलताच. शाळांनी शिकवायचं तरी काय? या गोंधळावर तोडगा म्हणून 1900 मध्ये कॉलेज बोर्ड स्थापन झालं आणि जून 1901 मध्ये त्याची पहिली सामायिक परीक्षा झाली. 973 विद्यार्थी बसले. उत्तरं सविस्तर लिहायची होती. भाषांमध्ये इंग्रजीखेरीज लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन. त्या काळी चांगल्या घरच्या मुलाने शाळेत ज्या भाषा शिकाव्यात अशी अपेक्षा असे, त्याच या. घरी कोण काय बोलतं याच्याशी परीक्षेला देणंघेणं नव्हतं.

1926 मध्ये सॅट आली. 1937 पासून तिच्या जोडीला विषयवार ‘अचीव्हमेंट टेस्ट’ सुरू झाल्या; याच पुढे सब्जेक्ट टेस्ट झाल्या. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि युद्धाच्या घाईत जुनी, आठवडाभर चालणारी लेखी परीक्षा बंद पडली. ती परत आलीच नाही. तेव्हापासून भाषेची परीक्षा म्हणजे पर्यायांतून गोल काळा करणं.

खरी गंमत पुढे आहे. 1990च्या दशकात आशियाई भाषा यादीत शिरल्या: 1993 मध्ये जपानी, 1994 मध्ये चिनी आणि 1997 मध्ये कोरियन. कोरियनसाठी अमेरिकेतल्या कोरियन समाजाने मोहीम चालवली होती आणि पेपर तयार करण्याच्या खर्चासाठी सॅमसंगने पाच लाख डॉलर दिले. यात मला काही वावगं दिसत नाही. परीक्षा तयार करायला पैसा लागतो, आणि ज्यांना ती हवी होती त्यांनी तो उभा केला. हिंदी किंवा कोणत्याही भारतीय भाषेसाठी असा रेटा लावून जागा मिळवली गेली नाही. एक कारण उघड आहे. भारतीय पालकांचं लक्ष गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पेपरांवर होतं.

या नव्या पेपरांनी जुना हिशेब बिघडवला. चिनी आणि कोरियनला बसणारी बहुतेक मुलं घरी तीच भाषा बोलणारी. या दोन्ही पेपरांची सरासरी 750च्या वर गेली. म्हणजे चिनीत 760 मिळवणारा, शाळेत चार वर्षं घासलेला विद्यार्थी जेमतेम सरासरीच्या आसपास. बोर्डाला याची कल्पना होती. भाषेच्या पेपरआधी एक प्रश्न असायचा: तुमचं ज्ञान मुख्यतः नववी ते बारावीच्या वर्गातलं नसेल, म्हणजे घरी तीच भाषा बोलतात किंवा तुम्ही त्या देशात राहिला आहात, तर 9 क्रमांकाचा गोल भरा. शेजारी आश्वासन: याचा गुणांवर परिणाम होणार नाही. हार्वर्डने तर अर्जदारांना स्पष्टच सांगितलं होतं, की ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांनी शक्यतो स्वतःच्या पहिल्या भाषेचा पेपर देऊ नये. मातृभाषेत 800 गुण असणं ही त्यांच्या लेखी बातमी नव्हती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अनुभव वेगळा होता. तिथे लेखन आणि गणित या दोन पेपरांबरोबर तिसरा विषय ज्याच्या-त्याच्या पसंतीचा होता. स्थलांतरितांच्या मुलांनी तिथे स्पॅनिश, चिनी, कोरियन घेतलं. ‘फुकटचे गुण’ अशी टीका झाली. पण दोन भाषा नीट येणं ही कमाई नाही, असं कसं म्हणायचं? 2012च्या प्रवेशापासून विद्यापीठाने सब्जेक्ट टेस्टची अटच काढून टाकली.

ऐकण्याचे पेपर वर्षातून एकदाच, नोव्हेंबरमध्ये होत. त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा सीडी प्लेअर आणि इयरफोन न्यायचा. मोबाइलच्या जमान्यात तो शोधत फिरणं हा तयारीचाच भाग होऊन बसला होता. तारीख हुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच, जर्मन किंवा संस्कृत निवडतात ते बहुधा गुणांसाठी. त्यातल्या संस्कृतवाल्याला अमेरिकेच्या या यादीत जागा नव्हती. फ्रेंच-जर्मनवाल्याला होती, पण ज्या कॉलेजांना गणित आणि विज्ञानच हवं, तिथे तिचा फायदा नव्हता. एमआयटीचा नियम तसाच होता: एक पेपर गणिताचा, एक विज्ञानाचा.

जानेवारी 2021 मध्ये बोर्डाने सब्जेक्ट टेस्ट बंद केल्या. अमेरिकेत लगेच, बाहेरच्या देशांत मे आणि जूनच्या शेवटच्या फेऱ्यांनंतर. आता त्यांची जागा बऱ्याच अंशी एपी परीक्षांनी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षांनी, घेतली आहे. बंद होण्याच्या वेळी एपीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, लॅटिन, चिनी आणि जपानी होत्या. कोरियन आणि हिब्रू नव्हत्या. इतक्या खटपटीने मिळवलेली कोरियनची जागा चोवीस वर्षांत गेली. अमेरिकेतली मराठी मुलं तिथल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, शाळांमध्ये मराठी शिकतात आणि परीक्षाही देतात. कॉलेजच्या अर्जात ते लिहायचं, तर त्यासाठी इतर उपक्रमांचा रकाना आहे.