सुरकुत्यांवरची इंजेक्शनं : बोटॉक्स की फिलर

चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी जी इंजेक्शनं देतात त्यात मुख्य प्रकार दोन, बोटॉक्स आणि फिलर, पण लोक दोन्हीला सरसकट बोटॉक्सच म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण दोघांचं काम पूर्ण वेगळं आहे.

बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. नसेकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप नेणारं अ‍ॅसिटाइलकोलीन ते अडवतं, स्नायू सैल पडतो, वरची कातडी दुमडत नाही. हे आधी तिरळेपणावरचं औषध होतं. व्हँकुव्हरच्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरथर्स पापण्यांच्या पेशंटना ते देत होत्या तेव्हा भुवयांमधल्या आठ्याही कमी होतात हे समोर आलं, आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्या आठ्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली. फिलर स्नायूच्या वाटेला जात नाही, तो खाली भर घालतो, बहुतेक वेळा हायलुरोनिक अ‍ॅसिडचं जेल असतं.

मग निवडायचं कसं? आरशासमोर उभं राहून कपाळाला आठ्या घाला आणि चेहरा सैल सोडा. रेघ गेली तर ती हालचालीची, तिथे बोटॉक्स. चेहरा शांत असतानाही नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घडी दिसतेच, तर तिथे बहुतेक करून फिलर, कारण तिथले स्नायू सैल केले तर हसणंच वाकडं होऊ शकतं. कपाळावर खोल रुतलेली रेघ मात्र नुसत्या बोटॉक्सने पूर्ण जाईलच असं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

बोटॉक्सचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो, पूर्ण दिसायला दोनेक आठवडे लागतात आणि ३-४ महिने टिकतो. हायलुरोनिक फिलर साधारण ६ ते १८ महिने. बोट्युलिनम टॉक्सिनचा डोस युनिटमध्ये मोजतात, पण ब्रँड बदलला की युनिटही बदलतात, एकाचे २० म्हणजे दुसऱ्याचे २० नाहीत. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा मायस्थेनिया (स्नायू कमजोर करणारा आजार) असेल तर बोटॉक्स टाळतात.

बोटॉक्सने पापणी उतरली तर ती काही आठवड्यांनी आपोआप वर येते, फिलरचा धोका जास्त गंभीर आहे, कारण तो रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते, आणि म्हणूनच भुवयांच्या मध्ये फिलर घेताना फार जपावं लागतं. टोचल्यावर तिथली कातडी पांढरी पडली, जोरात दुखायला लागलं, जाळीसारखे निळसर डाग दिसले किंवा नजर अंधुक झाली तर उद्यापर्यंत थांबू नका. हायलुरोनिक फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं एंझाइम असतं, ते हाताशी आहे का हे सुई टोचण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.