स्लॅबला पाणी: आधी मोजून, मग मनसोक्त

काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होतं. नदीतल्या पुलांचे पाये असेच भरतात. चिखल वाळून कडक होतो तसं काँक्रीटचं नसतं. सिमेंटमधली कॅल्शियमची सिलिकेटं पाण्याशी संयोग पावतात, त्यातून सूक्ष्म, चिवट असं नवं द्रव्य तयार होतं आणि तेच वाळू-खडीला धरून ठेवतं. घर बांधणाऱ्याने एवढं समजून घेतलं, तर पाणी कधी हात आखडून आणि कधी सढळ हाताने वापरायचं हे आपोआप कळतं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळायला खर्च जवळजवळ नसतोच.

आधी माल कालवतानाचं पाणी. सिमेंटच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पूर्ण प्रक्रियेला पुरतं. कामाच्या सोयीसाठी थोडं जास्त धरलं, तरी ५० किलोच्या गोणीला २२ ते २५ लिटर. त्याहून जास्त ओतलं की माल सरसर पसरतो, काम लवकर उरकतं. पण जादा पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी केसाहून बारीक पोकळ्या राहतात. डफ एब्रम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ मध्येच दाखवून दिलं होतं, की पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की मजबुती घटते. २५ च्या जागी ३५ लिटर घातले, तर जवळपास एक तृतीयांश ताकद जाते.

वाळूही बघा. ८० किलो ओल्या वाळूत ५ टक्के पाणी असेल, तर ४ लिटर आधीच मालात आलेलं असतं. तेवढं बादलीतून कमी करायचं. माल फारच घट्ट वाटला तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) मिसळा आणि व्हायब्रेटर (माल हलवून दाबून बसवणारं यंत्र) नीट फिरवा. पाण्याचा पाइप मात्र मिक्सरजवळ नको.

स्लॅब टाकून झाला की हिशेब फिरतो. सिमेंटचे कण एका दिवसात संपत नाहीत, प्रक्रिया कित्येक आठवडे चालते. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद येते; २८ दिवसांची ताकद प्रमाण मानतात. आतला ओलावा, म्हणजे सापेक्ष आर्द्रता, ८० टक्क्यांच्या खाली गेली की प्रक्रिया जवळजवळ थांबते. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं आणि दुपारभर स्लॅब उन्हात कोरडा पडला, तर ते क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, अपुरंच.

यात सगळ्यात आधी मार बसतो तो वरच्या दोन-तीन सेंटिमीटरला, आणि सळईचं रक्षण करणारा थर नेमका तोच. चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणाचं माप, १२ ते १३ असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. थर सच्छिद्र राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, पीएच उतरतो, पापुद्रा जातो आणि सळई गंजू लागते. गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. घराला दहा-पंधरा वर्षं झाल्यावर छताचे पोपडे पडतात, त्यांचं मूळ पुष्कळदा पहिल्या आठवड्यात असतं. सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत ना, हे माल ओतण्याआधी स्वतः वाकून बघा.

ऊन-वारा असेल तर स्लॅब टाकल्यावर लगेच प्लास्टिकने झाका, नाहीतर काही तासांतच बारीक भेगा दिसतात. पृष्ठभागावर बोटाचा ठसा उमटेनासा झाला की कडेने मातीचे किंवा सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी साठवा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला १० ते १४.

कॉलमवर पाणी थांबत नाही. साचा निघाल्यावर लगेच ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा. वाऱ्याच्या बाजूचं गोणपाट आधी सुकतं, त्यामुळे फेरी मारताना तिथेच हात लावून बघा.