नेपथ्य की पार्श्वचित्र? ॲनिमेशनपटातील वास्तूमागचा इतिहास

गोव्यातील देवळांच्या उत्सवांत मराठी नाटके पाहत वाढलेल्यांना रंगवलेले पडदे आणि विंगा यांची ओळख करून देण्याची गरज नाही. राजवाडा असो वा अरण्य, त्याची खोली भासे ती कापडांमध्ये राखलेल्या अंतरामुळे. ॲनिमेशनपटात हेच तत्त्व काचांच्या थरांनी आले. १९२६ च्या एका जर्मन छायापटात आणि पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील बहुस्तरीय कॅमेऱ्याच्या कामात ते स्पष्ट दिसते.

गुंता आहे तो शब्दाचा. ॲनिमेशनपटातील वास्तू आणि देखावे रेखाटण्याच्या कामाला ‘नेपथ्य’ म्हणावे की ‘पार्श्वचित्र’? संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा आणि वेशभूषासुद्धा. रंगमंचावरील देखाव्याची रचना हा अर्थ मराठीत नंतर रुळला. शिवाय हाताने रेखाटलेल्या चित्रपटात काहीच बांधले जात नाही, तेव्हा नेपथ्य कसले, हा आक्षेप सहज खोडता येण्यासारखा नाही. तरीही पार्श्वचित्र म्हटले की वास्तू पात्राच्या मागे ढकलली जाते. पात्र दारातून आत येते, जिना चढते, खांबाआड लपते, तेव्हा चित्रकाराला घराच्या दर्शनी भागाइतकाच त्याचा आराखडाही ठाऊक असावा लागतो, आणि वास्तुकलेचा खरा प्रभाव तेथेच आहे. जपानमध्ये १९७४ च्या एका दूरचित्रवाणी मालिकेत दृश्यांचे आराखडे एकाच चित्रकाराच्या हाती सोपवले गेले, ते याच जाणिवेतून. १९५० च्या दशकातील अमेरिकी आधुनिकतावादी ॲनिमेशनकारांनी चित्रातून भिंती गाळून नुसते दार आणि दिवा ठेवला, तोही वास्तुविचारच होता. १९९५ मध्ये पूर्ण लांबीचा संगणकीय ॲनिमेशनपट आला. तेव्हापासून खोली त्रिमितीत उभारून तीत दिवे आणि कॅमेरा ठेवले जाऊ लागले, आणि ‘पार्श्वचित्र’ हा शब्द मला तरी पुरेसा वाटत नाही.

गोव्याचे घर घेतले तर हा भेद लगेच जाणवतो. रस्त्यावरून काढलेल्या चित्रात बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, येईल, चिऱ्याची भिंत येईल, परंतु राजांगण, म्हणजे घराच्या मधला चौक, येणार नाही. आणि त्याभोवतीच्या खोल्या एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, तेथे ऊन दिवसभर कसे सरकते, हे आराखडा मांडल्याशिवाय कळणार नाही. शिंपल्यांच्या खिडकीतून उजेड आत झिरपतो, पण बाहेरचा माणूस ओळखू येत नाही. म्हणून अशा घरातील पात्राला, अंगणात कोण आले हे पाहण्यासाठी, उठून खिडकी उघडावीच लागते.