सैंधव मिठाचा चिवडा किडनीला चालतो का?

‘सैंधव घातलेला उपवासाचा चिवडा किडनीच्या पेशंटला बिनधास्त द्या, त्यात सोडियम नसतं,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सैंधव खाणीतून निघतं, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मिठात सुमारे 2,000 मिलिग्रॅम सोडियम असतं. बहुतेक किडनी पेशंटची दिवसभराची मर्यादा साधारण तेवढीच.

पाकीट उलटून बघा. सोडियमचा आकडा बहुधा 100 ग्रॅमचा असतो. तो 800 असेल आणि 50 ग्रॅम चिवडा खाल्ला, तर 400 मिलिग्रॅम पोटात गेलं: दिवसाचा पाचवा हिस्सा, जेवणाआधीच. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात सुटा घेतलेल्या चिवड्यावर हा आकडाही मिळत नाही.

मीठ कमी असलं तरी बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्यांत पोटॅशियम भरपूर, आणि ते पाकिटावर सहसा छापत नाहीत. रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून आधी रिपोर्ट बघा. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत 508 हा क्रमांक म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. 338 ते 341 आणि 450 ते 452 म्हणजे फॉस्फेट, तेही किडनीच्या पेशंटने टाळायचं.

उपवास नसेल तर पातळ पोहे भाजा, मिरची-कढीपत्त्याची फोडणी द्या, दाणे वगळा, मीठ चिमूटभरच.